कनेक्टरवाली कावेरी

कावेरी पुण्याला कंपनीत नेमकं काय करायची, हे तिच्या सासरी कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सासरे ईश्वरप्पा आल्यागेल्याला सांगायचे, "सून कंपनीत होती बगा, पुण्याला." नवरा बसवेशही तेवढंच सांगायचा. सासूबाई नीलम्मांची समजूत अशी, की सून सुयांच्या कारखान्यात होती. लग्नानंतर एकदा कावेरीनं त्यांना आपलं काम समजावून सांगायचा खटाटोप केला होता. त्यातल्या "बारीक बारीक पिना" एवढ्याच त्यांच्या लक्षात राहिल्या.

त्यांचं अगदीच काही चुकलं नव्हतं.

कावेरीचं माहेर तेलगावचं. वडिलांचं तिथं छोटं किराणा दुकान. दहावीनंतर तिनं हट्टानं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, वर्गात मुली दोनच. विसाव्या वर्षी ती पुण्याला भोसरीच्या एका कारखान्यात लागली. तिथं कनेक्टर तयार होत.

हे कनेक्टर घरातल्या प्लगसारखे नव्हेत. बँकेत, इस्पितळात, इंटरनेटवाल्यांकडे लोखंडी कपाटासारखी एक उभी चौकट असते, तिला रॅक म्हणतात. रॅकमध्ये खोकी बसवलेली असतात आणि खोक्यांच्या कप्प्यांत कार्डं उभी असतात, शेल्फात वह्या लावाव्यात तशी. एखादं कार्ड बिघडलं तर तेवढंच ओढून काढायचं, दुसरं सरकवायचं. बाकीची कार्डं चालूच राहतात. हे जमतं ते खोक्याच्या पाठीत बसवलेल्या कनेक्टरमुळे. कार्ड आत सरकत जातं आणि शेवटच्या बोटभर अंतरात त्याच्या मागची भोकं खोक्यातल्या शेकडो पिनांवर चढतात. पिनाही सगळ्या सारख्या उंचीच्या नसतात. अर्थिंगच्या सगळ्यांत लांब, त्या आधी टेकतात. मग विजेच्या, मग बाकीच्या. एखादी मुद्दाम सगळ्यांत आखूड ठेवलेली असते. ती टेकली की यंत्राला कळतं, कार्ड पुरतं बसलं.

कावेरीचं काम या पिना तपासण्याचं. भिंगाखाली कनेक्टर धरायचा, रांगेवरून नजर फिरवायची. केसभर कललेली पीनसुद्धा तिला दिसायची. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी यायचं, मान धरायची. मग ती त्यात रमली. लग्न झालं, बसवेश पुण्यातच वायरिंगची कामं घ्यायचा, संसार मांडला. पुढं ईश्वरप्पांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं परळीचं दुकान बघायला कुणी उरलं नाही. मग दोघं परळीला परत आले. कंपनीतल्या नऊ वर्षांचं तिच्याकडं काय उरलं, तर एक चिमटा, एक डोळ्याला लावायचं भिंग आणि निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ.

परळीत ती दुकानात बसू लागली. स्टेशनकडून देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे इलेक्ट्रिकचं दुकान. सकाळी काउंटरवरची राख झाडायची, कारण वीज केंद्राची ही राख परळीत कुठूनही येते, मग होल्डर, बोर्ड, वायरची भेंडोळी, पंख्याचे कंडेन्सर. गिऱ्हाईक दारातून डोकं घालून विचारायचं, "अप्पा न्हाईत का?" ती म्हणायची, "मी हाय की. काय पायजे?" वर्षभरानं लोकांनी अप्पांना विचारणं सोडलं. अशी आठ वर्षं गेली.

मागच्या जुलैची गोष्ट. महिन्याचा शेवट होता. पीकविम्याचे अर्ज भरायचे शेवटचे दोन दिवस आणि त्यातच पोरापोरींच्या कॉलेज प्रवेशाचीही तारीख. सकाळी दहाच्या सुमाराला युवराज दुकानात आला. तेलगावच्या अंगाच्या गावांना इंटरनेट पुरवण्याचा त्याचा धंदा. वायर, टेप, खिळे तो इथूनच न्यायचा. पस्तिशीचा गडी, एरवी हसतमुख. त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"अप्पा, कनेक्टर साफ करायचा फवारा हाय का?"

"हाय. झालं काय?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"काय सांगू. तेलगावच्या रॅकमदलं एक कार्ड परवा जळालं. पुण्याहून नवं आणवलं, बसवलं, तर दिवाच लागंना. एका कार्डावर अकरा गावं हायत. पुण्याचा इंजिनियर फोनवर म्हनतो, पूर्ण खोकंच बदलावं लागंल, तीन दिवस. तीन दिवसांनी लोक मला जित्ता ठिवतील का?"

त्यानं मोबाईलमधले फोटो दाखवले. कार्डाचा फोटो, कार्ड काढलेल्या रिकाम्या कप्प्याचा फोटो. ईश्वरप्पांनी बघितलं न बघितलं केलं. कावेरी फवारा काढायला स्टुलावर चढली होती, ती खाली उतरली. फोन हातात घेऊन तिनं कप्प्याचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"हे कार्ड गेलेलं न्हाई," ती म्हणाली. "मागची पीन वाकलीय. दोन तरी असतील. ही बगा, रांग सरळ चाललीय आन् इथं फट पडल्यासारखी दिसती."

युवराजला काहीच दिसेना. "वहिनी, तो इंजिनियर हाय."

"त्यानं फोटो मोठा करून बगितला का?"

युवराजनं फोन परत घेतला. मग चाचरत म्हणाला, "येताव का मग? गाडी हाय. संध्याकाळच्या आत आणून सोडतो."

कावेरीनं सासऱ्यांकडं बघितलं. बसवेश एका मंगल कार्यालयात वायरिंगला गेला होता, दुकानात दोघंच. ईश्वरप्पांना खरं तर काही उमगलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की आठ वर्षांत सुनेचा चेहरा असा कधी उजळला नव्हता. ते म्हणाले, "जा बाई. दुकान मी बगतो."

तिनं वरच्या घरातून चिमटा आणि भिंग आणलं आणि ती गाडीत बसली.

तेलगावात युवराजची रॅक होती ती गहिनीनाथच्या घरातल्या एका खोलीत. गहिनीनाथ पन्नाशी ओलांडलेला माणूस. सगळी उमर मेंढरांमागं गेली. गुडघे दुखायला लागले तसा कळप मुलांवर सोपवून, दारात वीसेक मेंढ्या ठेवून तो थांबला होता. युवराजनं त्याची खोली भाड्यानं घेतली आणि त्यालाच लाइनमन केलं. खांबावर चढणं, केबल ओढणं, रॅकपाशी दिवा लाल झाला की फोन करणं. कावेरीला तो लहानपणापासून ओळखत होता, कारण तिच्या वडिलांच्या दुकानातून त्याचं मीठमिरचीचं सामान जायचं.

"आगं, ही तर आपली कावेरी!" दारातच तो म्हणाला, पण नेहमीसारखा हसला नाही. त्याची बायको रतनबाई पाणी घेऊन आली. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. कागदपत्रांच्या पिशव्या घेतलेले शेतकरी, दोन-तीन मुली आणि त्यांचे वडील. नेट कधी येणार, एवढंच जो तो विचारत होता.

आत खोलीत एसीची घरघर, कोपऱ्यात रॅक, तीही भिंतीला इतकी चिकटलेली की एका अंगानं उभं राहावं लागे. कावेरीनं रिकाम्या कप्प्यात टॉर्च मारली, डोळ्याला भिंग लावलं आणि पिनांची एकेक रांग तपासली.

"दोन पिना हायत," शेवटी ती म्हणाली. "एक शेजारणीला टेकलीय, म्हणून खोकं ह्या कप्प्याला वीजच देईना. दुसरी आडवी झोपलीय. सरळ करून बगता येईल. पण आधी पूर्ण रॅक बंद करा."

युवराज उडालाच. "आँ? जे चालू हाय तेबी बंद? वहिनी, बाकीच्या सतरा गावांचं काम चालू हाय. त्यांचं बंद केलं तर तेबी इथं येतील!"

"आत वीज हाय. मी लोखंडाचं हत्यार आत घालणार. घसरलं तर एक कप्पा न्हाई, सगळं खोकं जाईल."

"हळू करा ना. तुमचा हात हाय की बसलेला."

"चालू ठिवून मी हात लावणार न्हाई, भाऊ. तसंच करायचं आसंल तर मला परत सोडा."

तिचा आवाज चढला नव्हता. युवराज बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी त्यानं सगळ्या गावांच्या ग्रुपवर निरोप टाकला, की बारा चाळीसपासून वीस मिनिटं नेट बंद राहील.

तोवर कावेरीला हत्याराची अडचण होती. नुसत्या चिमट्यानं पीन धरली तर ती दाबाच्या जागी मोडते. कंपनीत यासाठी एक बारीक पोकळ नळी असायची. पिनेवर टोपीसारखी चढवायची आणि सगळी पीन अलगद उभी करायची. पीन अशी एकदाच सरळ होते. दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.

"तात्या, पोकळ नळी लागती, सुईएवढी बारीक."

गहिनीनाथ इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मेंढरांच्या इंजेक्शनची सुई चालंल का?"

त्यानं फळीवरून डबा काढला. लस टोचायच्या सुया, कागदात गुंडाळलेल्या, तीन-चार जाडीच्या. कावेरीनं एकेक भिंगाखाली धरून बघितली आणि एक निवडली. रतनबाईनं विळ्याला धार लावायचा दगड आणून दिला. सुईचं टोकदार तोंड त्यावर घासून घासून तिनं सपाट केलं आणि नळीतला कीस फुंकून काढला.

बारा चाळीसला रॅक बंद झाली. एसीही थांबवला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की अंगणातल्या माणसांचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येऊ लागलं.

कावेरी एका गुडघ्यावर बसली. गहिनीनाथनं टॉर्च धरली. पहिली पीन शेजारणीला टेकलेली. तिच्यावर नळी चढायलाच सात-आठ मिनिटं गेली. चढली, मग तिनं श्वास रोखून नळी हळूहळू उभी केली. नळी काढली तेव्हा पीन रांगेत उभी होती. थोडी कललेली, पण उभी.

"जमलं?" युवराजनं मागून विचारलं.

"एक जमलं."

दुसरी अगदीच आडवी झोपली होती. नळी चढली, निम्मी वर आली, आणि कावेरीच्या बोटांना कट्ट झालेलं जाणवलं. पीन तुटली होती. तिनं चिमट्यानं तुकडा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"तुटली," ती म्हणाली.

युवराज वाकून तो तुकडा बघू लागला. कावेरीनं पुन्हा भिंग लावलं. शेजारच्या कप्प्यातलं कार्ड काढायला लावून तिनं त्याच जागच्या पिना बघितल्या. जळालेलं कार्ड उलटं करून त्याच्या मागचे पट्टे कुठून कुठं जातात तेही तपासलं. मग म्हणाली, "ही अर्थिंगची दिसती. अर्थिंगला अशा पुष्कळ पिना आसतात, एकीवाचून अडू नये. पण मी शंभर टक्के सांगत न्हाई. कार्ड बसवल्यावरच कळंल."

एक वाजून गेला होता. वीस मिनिटं केव्हाच संपली होती आणि बाहेर आवाज चढू लागले होते. नवं कार्ड हातात घेऊन तिनं त्याची कड बोटानं चाचपली. वरच्या कोपऱ्याला ताजा ओरखडा होता.

"हे तिरकं गेलतं आत. खालच्या रुळात होतं, वरच्यात नव्हतं. कुणी बसवलं?"

 गहिनीनाथनं टॉर्च खाली ठेवली. "मी. काल दुपारी. दमानं बसंना, म्हनून तळव्यानं हाणलं. दोनदा."

"हाणलं?" युवराज पुढं सरसावला. "आन् कालपासून मला सांगायला काय झालतं? मी परळीपतूर पळालो, इंजिनियरला शिव्या दिल्या, आन् तुमी—"

"भाऊ," कावेरी मधेच म्हणाली, "त्यांना कार्ड बसवायचं कुणी शिकवलं?"

युवराज थबकला.

"खांबावर चढायचं शिकवलं, केबल जोडायची शिकवली. हे शिकवलं का? ह्या कोपऱ्यात, एका अंगावर उभं राहून, एकट्यानं?"

 कावेरी गहिनीनाथकडं वळली. त्याची मान खाली. तिच्या वडिलांच्या वयाचा माणूस असा उभा राहिलेला तिला बघवेना.

"तात्या, मी पुण्याला असताना एकदा वाकडी पीन पास केलती. माल पार दुसऱ्या कारखान्यात जाऊन परत आला. आमच्यावर विजयमालाबाई होत्या. त्यांना माहीत होतं, मीच ती. त्यांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं न्हाई. दोन दिवस मला शेजारी बसवून दोन हजार कनेक्टर परत बगायला लावले, आन् त्या संगं बगत होत्या. तुमी आपणहून सांगितलं. मी तर तेबी केलं नव्हतं." तिनं कार्ड त्याच्यापुढं धरलं. "घ्या. तुमीच बसवा."

"मी न्हाई. आता न्हाई, पोरी."

"मी सांगते तसं करा. आधी डोळ्यानं न्हाई, बोटानं बगा. वरचा रूळ लागला का?"

गहिनीनाथनं हात धोतराला पुसले. कार्ड घेतलं, कोपरा चाचपला. "लागला."

"खालचा?"

"लागला."

"आता सरकवा. जोर न्हाई. जिथं जड लागंल तिथं थांबा."

कार्ड सरसर आत गेलं आणि थांबलं.

"ह्या जागी काल हाणलं तुमी. आता दोन्ही अंगठे, वरच्या न् खालच्या खटक्यावर. दोन्ही एकाच वेळी, सारखे दाबा. एक बाजू आधी गेली वाटलं की थांबायचं, मागं घ्यायचं."

गहिनीनाथनं डोळे मिटले. अंगठे हळूच दाबले. "कोकरू आडवं आलं तर आसाच हात चालवावा लागतो," तो पुटपुटला. "वढलं की संपलं."

दोन्ही खटके एकदम बसले.

युवराजनं मेन चालू केलं. पंखे घोंगावले, बाकीच्या कार्डांचे दिवे एकेक करून उजळले. नव्या कार्डाचा दिवा आधी पिवळा झाला आणि तसाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. रतनबाई दारात येऊन उभी राहिली होती. कावेरी दिव्याकडं न बघता हातातल्या तुटक्या पिनेकडं बघत होती.

"हिरवा!" युवराज ओरडला.

अंगणात वायफाय आलं तसा एका मुलीचा मोबाईल टुणटुणला, मग दुसरीचा, मग ओळीनं सगळ्यांचे. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. लोक घाईघाईनं सेवा केंद्राकडं पळाले, कारण प्रत्येकाला आपला अर्ज आधी भरायचा होता. अंगणात मेंढ्या तेवढ्या उरल्या. गहिनीनाथ खोलीतच भिंतीला टेकून बसला आणि डोळ्यांवर पटक्याचं टोक धरून राहिला. कावेरी बाहेर आली. रतनबाईनं तिला बळंबळं जेवायला बसवलं, भाकरी आणि तव्यावरची शेंगदाण्याची चटणी. निघताना कावेरीनं युवराजला बजावलं, "हे काम भागण्यापुरतं हाय. नवं खोकं मागवून घ्या. एक पीन कमीच हाय आत. आन् तात्यांना कामावरून काढलं तर मला पुन्हा बोलवू नका."

"काढतो कशाला, वहिनी," युवराज ओशाळून म्हणाला. "चूक माजीबी हाय."

संध्याकाळी ती परळीला पोचली तेव्हा ईश्वरप्पांनी दुकान लवकर मिटायला घेतलं होतं. युवराजचा फोन आधीच येऊन गेला होता. ते म्हणाले, "बस. आता मला नीट सांग, तू तिकडं काय करत हुतीस."

जळालेलं कार्ड तिनं मागून आणलं होतं. ते काउंटरवर ठेवून तिनं भिंग सासऱ्यांच्या डोळ्याला लावलं, कार्डामागच्या कनेक्टरवर टॉर्च धरली. ईश्वरप्पांना आधी नुसताच काळोख दिसला, मग एकाएकी रांगा दिसल्या. मुंगीच्या डोळ्याएवढी भोकं, प्रत्येकात दोन सोनेरी पाती.

"हे सगळं तू डोळ्यानं बगायचीस?"

"व्हय."

"दिवसाला किती?"

"आठशे कनेक्टर. घाईचा माल आसला तर हजार."

ईश्वरप्पा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "आन् मी तुला आठ वर्षं होल्डर मोजायला बसवलं."

"तसं काय न्हाई, अप्पा."

"तसंच हाय. कावून बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलं न्हाई," ती सहज म्हणून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. ईश्वरप्पांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बसवेशला सांगून खिडकीपाशी एक टेबल लावून घेतलं, त्यावर गोल भिंगाचा दिवा. दिव्याची वायरिंग स्वतः म्हाताऱ्यानं केली, मुलाला हात लावू दिला नाही.

त्यानंतरच्या वर्षात कावेरीचं नाव हळूहळू पसरलं. माजलगावच्या एका दवाखान्यातून तिला बोलावणं आलं, तिथं तिनं नुसतं कार्ड काढून, कनेक्टर साफ करून पुन्हा बसवलं आणि काम झालं. एका पतसंस्थेत मात्र बिघाड भलताच निघाला. तिनं सरळ सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, कंपनीचा माणूस बोलवा. त्या खरेपणामुळंच तिथल्या लोकांनी पुढं दुसऱ्या दोघांना तिचं नाव सांगितलं. युवराजच्या रॅकमध्ये नवं खोकं बसलं आणि जुनं तिच्या टेबलाखाली आलं. रविवारी आसपासचे पाचसहा लाइनमन आणि आयटीआयच्या दोन मुली येतात. त्या जुन्या खोक्यात कार्डं बसवायचा आणि काढायचा सराव चालतो. ईश्वरप्पा सगळ्यांना चहा सांगतात आणि चहा येईपर्यंत स्वतःही एक कार्ड बसवून बघतात. त्यांचं अजून तिरकं जातं.

मागच्या महिन्यात माजलगावच्या अंगाला युवराजची दुसरी रॅक आहे, तिच्यातलं एक कार्ड बदलायचं होतं. युवराज बाहेरगावी होता, म्हणून गहिनीनाथ एकटाच गेला. कावेरीला त्यानं फोन केला तो काम झाल्यावर.

"पोरी, बसवलं. दिवा हिरवा हाय."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच. खटके बसले तर आवाजसुदिक झाला न्हाई बग."  मग तो म्हणाला, "घरी सांगतो आता रतनीला. ती फोनचीच वाट बगत बसली आसंल."

कावेरीनं फोन ठेवला. समोर एक बाई ट्यूबलाइटचा चोक हातात घेऊन केव्हाची उभी होती. कावेरी हसत उठली आणि म्हणाली, "या मावशी, दाखवा. कुठला पायजे?"